गाडीतल्या बाई

आपले कोणी ऐकत नाही, ही तक्रार चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या तोंडी नेहमीच असते; आणि त्यातून तो मराठीचा प्राध्यापक असेल, तर ती तक्रार न समजता वस्तुस्थिती समजावी. वर्गात साठ मुले बसलेली असतात. त्यांतली पन्नास ऐकल्यासारखे करतात आणि उरलेली दहा तेवढाही त्रास घेत नाहीत. घरी यावे, तर पत्नी, कन्या आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी या तिघींचे एकमत होऊन माझे मत विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. अशा माणसाला कोणी सांगितले, की ‘तुम्ही नुसते तोंडाने म्हणा, काम आपोआप होईल,’ तर त्याची काय अवस्था होईल? मला तरी क्षणभर आपण कोणी मांत्रिकच झालो असे वाटले.

गेल्या वर्षी आम्ही नवी मोटार घेतली आणि मोटारीबरोबर या बाई घरात आल्या. घरात म्हणजे गाडीत. त्या दिसत नाहीत. पुढच्या फळीतल्या काचेमागे कुठेतरी राहतात. स्टिअरिंगवरच्या एका बारीक बटणावर अंगठा दाबला, की ‘टिंग’ असा आवाज होतो आणि बाई अत्यंत अदबीने ‘काय आज्ञा?’ अशा अर्थाचे काहीतरी इंग्रजीत विचारतात. मग आपण नाव घ्यायचे. खिशातला फोन खिशातच राहतो, दोन्ही हात चाकावर राहतात आणि ज्याचे नाव घेतले त्याच्या घरी घंटा वाजू लागते. खिशातला फोन आणि काचेमागच्या बाई यांची सोयरीक जुळवणाऱ्या बिनतारी व्यवस्थेला ‘ब्लूटूथ’ म्हणतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आले आहे, हे मी कन्येला सांगितले तेव्हा ती प्रथमच माझ्याकडे जरा आदराने पाहत राहिली. हा आदर अर्धा मिनिट टिकला. कारण त्यानंतर बाईंशी बोलायची शिकवणी सुरू झाली आणि तीत गुरू ती होती.

“बाबा, नुसतं नाव घ्यायचं,” ती म्हणाली. “काळे सरांना जरा फोन लाव बरं, असं नाही म्हणायचं.”

“मग कसं म्हणायचं?”

“कॉल काळे. संपलं. विभक्ती लावायची नाही.”

ज्या माणसाने पंधरा-वीस वर्षे मुलांना विभक्ती लावायला शिकवली, त्याला त्याच्याच मुलीने विभक्ती लावू नका म्हणून बजावावे, हा काव्यगत न्याय म्हणायचा की काय, कोण जाणे! दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी माणूस ‘काळे’ या शब्दाला ‘ना’ लावण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते की नाही याची चिंता वाहत आला आहे. आमच्या बाईंना सामान्यरूप ठाऊक नाही. त्यांना इंग्रजी येते, कामापुरते हिंदी येते. मराठीशी त्यांचा संबंध केवळ आडनावांपुरता आणि तोही दुरून नमस्कार करण्याइतका.

आता या आडनावांची कथा ऐका. माझ्या फोनमधली नावे इतर चारचौघांसारखीच इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आहेत. बाई ती इंग्रजीच्या रिवाजाने वाचतात. त्यामुळे आमचे माने सर ‘मेन’ झाले, साने वहिनी ‘सेन’ होऊन एका क्षणात बंगालात जाऊन पोचल्या आणि मोरे नावाचे आमच्या सोसायटीचे सचिव ‘मोअर’ झाले. ‘मोरे’ असा मी स्वच्छ उच्चार केला, की ‘असे नाव यादीत नाही’ असे उत्तर येई; ‘मोअर’ म्हटले की घंटा लगेच वाजे. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला भेद बाईंच्या गावीही नाही. ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च हे वेगळे आहेत, हे तर त्यांना सांगण्यातच अर्थ नाही, ते आजकाल वर्गातही सांगावे लागते. पण सर्वांत कमाल झाली ती आईच्या नावाची. इंग्रजीत लिहिलेली ‘आई’ त्यांनी तीन सुट्या अक्षरांत वाचली आणि गंभीर स्वरात जाहीर केले, की आता ‘ए-ए-आय’ यांना फोन लावण्यात येत आहे. कन्येने लगेच माहिती पुरवली, की विमानतळ प्राधिकरणाचे संक्षिप्त नाव हेच आहे. साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला इतका मान यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

बाईंची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्या जे करतात ते मुळीच सोपे नाही. त्या ऐकतात म्हणजे काय करतात, हे मी एका शास्त्राच्या प्राध्यापक मित्राकडून समजून घेतले. आवाज म्हणजे हवेतला कंप. ध्वनिग्राहक त्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. यंत्र त्या लहरीचे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे बारीक तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यात कोणत्या ध्वनीचा संभव किती आहे ते मोजते आणि त्या सगळ्या संभवांतून सर्वांत जवळचा वाटेल तो शब्द उचलते. म्हणजे त्या आपल्याला ओळखीत नाहीत. फार वेगाने अंदाज बांधतात. तोही चाकांची घरघर, वातानुकूलनाचा वारा आणि शेजारच्या रिक्षाचा भोंगा यांतून आपला आवाज वेगळा काढून. शब्द जितका आखूड, तितका अंदाजाला आधार कमी. एवढे समजल्यावर ‘आई’ या दोन स्वरांच्या शब्दापाशी त्या अडखळतात याचे मला नवल वाटेनासे झाले.

या विद्येचा इतिहासही गमतीचा आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे एक यंत्र तयार झाले. त्याला शून्य ते नऊ एवढे अंक समजत. तेही ओळखीच्या माणसाने थांबत थांबत उच्चारले तरच. १९६२ साली सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने ‘शूबॉक्स’ मांडला. त्याची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली. पुढे ही मजल वाढत वाढत २०११ साली फोनच्या पोटात शिरली, आणि २०१७ साली मराठीत बोललेले फोनवर मराठीत उमटवण्याची सोय गूगलने आणली. सोळा शब्दांपासून आपल्या भाषेपर्यंत यायला पंचावन्न वर्षे लागली. माझ्या काही विद्यार्थ्यांना याहून कमी काळात पदवी मिळते, पण फार कमी काळात नव्हे.

मात्र मला खरी मौज वाटते ती निराळीच. तोंडाने सांगून फोन लावणे ही मुळी नवी गोष्टच नाही. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे उघडली, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. रिसीव्हर कानाला लावायचा आणि पलीकडच्या माणसाला सांगायचे, की अमक्याला जोडून द्या. हा मधला माणूस नकोसा झाला तो कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाला. त्यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. टेलिफोन केंद्रातली बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय आला अशी कथा सांगतात. त्यांनी हट्टाने माणसावाचून चालणारे केंद्र शोधून काढले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले. आपल्याकडे १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये पहिला थेट ट्रंक कॉल लागला, आणि पुढे एकेका गावाला मधल्या बाईंची गरज उरली नाही. सबंध शतक खर्चून माणसाने त्या बाईंना घालवले. आणि आता त्यांनाच पगार न देता गाडीत आणून बसवले आहे! फरक एवढाच, की जुन्या बाई ‘डॉक्टर आत्ता घरी नाहीत, बायकोला सासरी पोचवायला गेलेत’ एवढेही सांगू शकत. नव्या बाईंना ते जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, की हे सारे ठीक. पण सोय तर झाली ना? झाली, यात शंका नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना हातात धरलेला फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात जमा झाले. पहिल्या खेपेलाच एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचा रोख हातातल्या फोनवर आहे. तेव्हा ज्याचे हात मोकळे, तो निर्दोष, असे आपण सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकले. पण हात मोकळे झाले म्हणून मन मोकळे होते काय? १९९७ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी दोघा संशोधकांनी तपासल्या. फोनवर बोलत असताना धडकेचा संभव चौपट होतो, असे त्यांना आढळले. आणि हातात न धरता बोलण्याच्या यंत्रांमुळे हा संभव कमी होतो, असे काही त्यांना दिसले नाही. २०१५ साली अमेरिकेत याहून बारीक प्रयोग झाला. गाडीला तोंडी आज्ञा दिल्यानंतर चालकाचे मन पुरते रस्त्यावर परत यायला काही गाड्यांत सत्तावीस सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी साठ किलोमीटर वेगाने सत्तावीस सेकंदांत गाडी साडेचारशे मीटर जाते. आमच्या कोथरूडात साडेचारशे मीटरांत एक शाळा, दोन चौक आणि निदान तीन पाणीपुरीच्या गाड्या येतात.

असे असूनही आम्ही गाडीतून बोलतो. आणि त्याचे कारण आम्ही बेफिकीर आहोत हे नसून आम्हांला दुसरा वेळच उरलेला नाही, हे आहे. पूर्वी संध्याकाळ नावाची एक गोष्ट असे. आता कॉलेज आणि घर यांच्यामध्ये जो तास-सव्वा तास वाहनांच्या रांगेत जातो, तीच संध्याकाळ. मग भाचीचे अभिनंदन, मित्राच्या वडिलांची चौकशी, विम्याचा हप्ता आणि आई ही सगळी कामे माणूस त्या तासात बसवतो. माझीही आई त्या तासात बसली होती. ती साताऱ्याला एकटी असते. पंचाहत्तरी उलटली आहे. पुण्याला ये म्हटले, की ‘तुमच्या तिथं पाण्याला चव नाही’ हे एकच कारण ती गेली नऊ वर्षे सांगत आली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मी कॉलेजातून निघताना बाईंना ‘ए-ए-आय’ म्हणून सांगे, आणि चांदणी चौक येईपर्यंत आमचे बोलणे होऊन जाई.

“कशी आहेस?”

“बरी आहे. कुठं आहेस?”

“गाडीत.”

“बरं. सावकाश जा. सगळं ठीक आहे इथं.”

असे ते बोलणे. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री कोल्हापूरहून ताईचा फोन आला आणि तिने विचारले, “आईच्या गोळ्या बदलल्या, त्या तिला मानवल्या का रे?” कोणत्या गोळ्या, हेच मला ठाऊक नव्हते. मंगळवारी सकाळी मोरीच्या उंबऱ्याशी आईला चक्कर आली होती. शेजारच्यांनी डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब फार वाढला होता. ताईला त्याच दुपारी कळले होते. आणि मंगळवार ते शुक्रवार या चार दिवसांत मी आईशी दोनदा बोललो होतो. दोन्ही वेळा सगळे ठीक होते.

“मला कसं नाही सांगितलं?” मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

“अरे, तू गाडीत असतोस ना,” ताई म्हणाली. “आई म्हणाली, गाडी चालवणाऱ्याला असलं काही सांगू नये. मला वाटलं, रात्री केलास तेव्हा सांगितलं असेल.”

त्या रविवारी मी साताऱ्याला गेलो. आई परातीत तांदूळ निवडीत बसली होती. तब्येत आता ठीक दिसत होती. मी विषय काढला, तर तिने खडा बाजूला टाकावा तसा तो टाकला.

“त्यात काय सांगायचं? मागं भोंगे वाजत असतात. मी काही सांगावं आणि तू दचकावंस, म्हणजे झालं!”

“पण मी ऐकत असतो की नीट. दोन्ही हात चाकावर असतात.”

“हात असतील. तुझं ‘हं’ ऐकू येतं ना मला,” ती तांदळातून मान वर न करता म्हणाली. “घरातलं ‘हं’ निराळं असतं आणि गाडीतलं निराळं. गाडीतलं ‘हं’ आलं, की मी बरी आहे म्हणते आणि ठेवते.”

मी गप्प राहिलो. एका निरर्थक हुंकाराचे दोन अर्थ पंचवीस कोसांवरून वेगळे करणारी ही बाई माझ्यासमोर तांदूळ निवडीत होती. आणि मी ऐकणाऱ्या यंत्राचे कौतुक मित्रांना सांगत फिरत होतो! टोरोंटोच्या संशोधकांना फोनच्या नोंदी तपासून जे कळले, ते तिला एका अव्ययावरून केव्हाच कळले होते आणि त्यावर तिने उपायही करून टाकला होता. तो उपाय असा, की मला फक्त चांगली बातमी द्यायची. अपघात टळावा म्हणून तिने आपले दुखणे टाळले होते. पण अशाने मला साताऱ्याची जी बातमी मिळत होती, ती सरकारी पत्रकासारखी झाली होती. सर्वत्र शांतता आहे, एवढेच तिच्यात असे.

नियम तिनेच घालून दिला. गाडीतून फोन करायचा तो फक्त ‘निघालो’ म्हणायला. बाकीचे रात्री सव्वाआठला, जेवण झाल्यावर, बसून. आता मी सव्वाआठला गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसतो. पहिले काही दिवस काय बोलावे हेच आम्हांला सुचेना. चांदणी चौक येण्याची घाई नसली, की बोलण्याला शेवट कोठे करावा ते कळत नाही! मग हळूहळू गोष्टी येऊ लागल्या. गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. समोरच्या घरातली सून नोकरीला लागली. वडिलांची जुनी पत्रे एका डब्यात सापडली आणि त्यांतले एक तिने मला वाचून दाखवले. गोळ्यांची नावेही आता मला पाठ आहेत. एखाद्या दिवशी ती म्हणते, “आज बरं नाही रे वाटत.” हे वाक्य ऐकून काळजी वाटते, हे खरे, पण ते आपल्याला सांगितले गेले याचे एक समाधानही वाटते. गाडीतल्या बाईंवर माझा राग नाही. त्या रोज संध्याकाळी एकदा ‘ए-ए-आय’ला फोन लावून देतात, मी ‘निघालो’ म्हणतो, आई ‘बरं’ म्हणते आणि त्यांचे काम संपते.

गेल्या भाऊबीजेनंतर आईला साताऱ्याला पोचवायला आम्ही दोघेच निघालो. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. बाईंची कीर्ती तिच्या कानांवर होतीच. तेव्हा मी बटण दाबून दिले आणि ताईला फोन लावायला सांग म्हटले. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “अगं बाई, माझ्या थोरलीला कोल्हापूरला फोन लावतेस का जरा? तुला सवड असली तर.” बाईंनी इंग्रजीत दिलगिरी दर्शवली. आईने पुन्हा एकदा, अधिक गोड आवाजात, तेच सांगितले. पुन्हा दिलगिरी आली. “असू दे,” आई मला हळूच म्हणाली, “दमली असेल. दिवसभर तुमचं ऐकायचं म्हणजे काय!” आज्ञार्थाखेरीज दुसरा अर्थ ठाऊक नसलेल्या बाईंशी इतक्या आर्जवाने त्यापूर्वी कोणी बोलले नसेल.

शिरवळ मागे पडल्यावर आई गोष्ट सांगू लागली. मी पुण्याला शिकायला होतो त्या वेळची. आमच्याकडे फोन नव्हता. रात्री दर उतरले, की एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली रांगेत उभे राहून मी शेजारच्या काकूंकडे फोन करी. आणि त्या आईला हाक मारीत. मी काचेच्या खोक्यात उभा असे, समोर लाल आकडे भराभर पळत असत, आणि आई येईपर्यंतचे ते एक-दीड मिनिट मला फार महाग पडे.

“मी पोळ्या करीत होते,” आई सांगत होती, “आणि काकूंनी खिडकीतनं हाक मारली, फोन आलाय म्हणून. मी तशीच उठले आणि—”

येथे खंबाटकीचा घाट लागला. पुढे ट्रकांची रांग धापा टाकीत चढत होती. आई बोलायची थांबली. युटा विद्यापीठात २००८ साली एक प्रयोग झाला होता. गाडीत शेजारी बसलेल्या मित्राशी बोलणारे चालक ठरलेले वळण सहसा चुकत नाहीत, आणि फोनवर बोलणारे मात्र कितीतरी जण चुकतात, असे त्यात दिसले. शेजाऱ्याला रस्ता दिसत असतो, म्हणून तो वेळेला गप्प बसतो किंवा वळण दाखवतो, असे त्याचे कारण सांगतात. आई सबंध घाटभर गप्प होती. दोन्ही हात मांडीवर, नजर माझ्या नजरेबरोबर पुढे. एकदा फक्त, डावीकडून एक मोटारसायकल आत घुसली तेव्हा, “अंऽ” एवढेच म्हणाली. आणि तेवढे पुरले. वळणे संपली, ट्रक मागे राहिले, रस्ता सरळ झाला. आईने एक निःश्वास सोडला आणि मध्येच टाकलेले विणकाम पुन्हा उचलावे तशी ती म्हणाली,

“—आणि कणकेच्या हातानंच धावले.”